पोरीच्या पोटाचा कागद

आमच्या माहेरी, डिंगोऱ्याला, पावसाळा सरला की एका रविवारी घरातल्या झाडून सगळ्या पोरांना एरंडेल पाजायचे. आईच्या हातात कपबशी, चहात आलं ठेचून घातलेलं आणि वर तेलाचा जाड तवंग. नाक दाबायचं, डोळे मिटायचे आणि एका दमात संपवायचं. मग दिवसभर परसाकडं फेऱ्या. संध्याकाळी मऊ भात आणि तूप. "झालं, वर्साचं पोट निर्मळ झालं," असं आई म्हणायची. मला त्या तेलाचा इतका तिटकारा होता की एकदा मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन लपले होते. भावानं चुगली केली म्हणून त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

तेच एरंडेल मी माझ्या लेकीला पाजलं आणि तिचं पळणं गेलं. आधीच सांगून टाकते. गोल गोल फिरवून बोलायचा माझा स्वभाव नाही, आणि यात फिरवण्यासारखं काही नाहीच.

सासर शिनोलीला. मालक चाकणला कंपनीत आहेत, सुट्टी मिळाली की येतात. जमीन दीर बघतात. मी घरात ब्लाउज शिवते. बारावी पास आहे आणि वाचायची खोड आहे, त्यामुळं आळीत कुणाचाही कागद आला की तो आधी माझ्याकडं येतो. बँकेचा, तलाठ्याचा, दवाखान्याचा. "जरा बघ गं, काय लिव्हलंय?" मी मशीन थांबवते, चष्मा लावते आणि वाचून दाखवते. खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठेपणा वाटायचा. जाऊबाई तर तोंडावर म्हणायच्या, "हिला कागद द्या आन् भाकरी नका देऊ." मी हसायचे, पण आतून फुगायचे.

लेक पळायला लागली ती चुकून. सहावीत असताना शाळेच्या खेळांमध्ये ती भलत्याच रांगेत उभी राहिली आणि मोठ्या मुलींबरोबर पळाली. दुसरी आली. वर बक्षीस घेताना रडत होती, कारण तिला वाटलं आता चूक पकडली जाणार. तिथून पुढं तालुका झाला, जिल्हा झाला. घरात कधी फारसं न बोलणारी ही पोर पळून आल्यावर मात्र अर्धा तास बोलायची. कोण कुठं मागं पडली, कुणाचा श्वास कसा वाजत होता, आपण कधी ठरवलं की आता हिला गाठायचं. मी शिवता शिवता ऐकायचे. तेवढ्यापुरती ती वेगळीच कुणीतरी असायची, आणि मला ती फार आवडायची.

कालवा घरापासून जवळ आहे. त्याच्या कडेनं मातीचा रस्ता जातो. दोन्ही अंगाला ऊस, म्हणून बिबट्याची धास्ती. दिवस चांगला वर आल्याशिवाय पळायचं नाही, आणि एकटीनं तर मुळीच नाही. मग ती पुढं आणि मी मागं स्कूटीवर, मधून मधून हॉर्न वाजवत. शेतात पाणी न्यायला कालव्यातून चाऱ्या फुटतात. पहिल्या चारीपर्यंत ती रमतगमत जायची, दुसऱ्या चारीला वेग धरायची, आणि तिसरी चारी आली की अशी सुटायची की मला स्कूटी पिळायला लागायची. उसात काम करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघायच्या. "अगं, कुठं निघालीस? गाडी सुटती का काय तुझी?" मला हॉर्न वाजवायचंसुद्धा भान राहायचं नाही.

मग ती अकॅडमी आली. पुणे-नाशिक रस्त्याला, कळंबच्या पुढं, कुणीतरी नवीन काढलेली. राहणं, खाणं, शाळा, सराव, सगळं तिथंच आणि फुकट. वयाची अट होती. पंधरा पूर्ण झालं की दार बंद. लेक चौदाची होती, म्हणजे तिला ही एकच वेळ होती. चाचणीला आजूबाजूच्या दोन्ही तालुक्यांतल्या पोरी आल्या होत्या. माझी पहिली आली. नुसती पहिली नाही, दुसरी वळणावर होती तेव्हा ही शेवटच्या दोरीला होती. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

पळणं झाल्यावर सगळ्या पालकांना मांडवात बसवलं. तिथल्या मोठ्या सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. माणूस बोलायला गोड, सारखं ताई-दादा करणारा. म्हणाले, आपल्या आतड्यात जीवाणू असतात. काही अन्नातून ताकद काढून देतात, काही देत नाहीत. मोठमोठ्या खेळाडूंच्या पोटातले जीवाणू वेगळेच असतात. लहानपणीच शौचाचा नमुना तपासला तर पुढं कोण टिकणार आणि कोण नाही, ते आधीच कळतं. म्हणून निवड करताना निम्मी मदार पळण्यावर आणि निम्मी पोटावर.

मागून एक म्हातारा बाबा उठला. "म्हंजी सर, पोरगी पळती ती समोर दिसतीये. ती बघायची सोडून ती हगती काय, ते बघणार व्हय?"

सगळा मांडव खदखदून हसला. मी मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो खाली बसला. आडाणी मेला, असंसुद्धा मनात म्हणाले. आता वाटतं, कुठं भेटला तर त्या बाबाचे पाय धरावेत.

"कुणाला काही शंका?" सरांनी विचारलं. मला कसली शंका? मी कागद वाचणारी बाई. हातात पुठ्ठ्याचा एक छोटा डबा दिला. आत टोपणाला चमचा असलेली नळी, हातमोजे आणि घडी घातलेला एक कागद. त्यावर चित्रं होती. भांडं कसं धरायचं, चमचाभर कसं घ्यायचं, टोपण कसं घट्ट करायचं. मी चित्रं बघितली, समजलं, आणि कागद घडी करून ठेवून दिला. नमुना पुढच्या सोमवारी आणून द्यायचा होता.

आता माझं डोकं कसं चाललं, ते ऐका. मंचरला रक्त तपासायला जा, सांगतात उपाशी या. सोनोग्राफीला जा, उपाशी या. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आदल्या दिवशी पोट धुऊन काढलं होतं. म्हणजे तपासणी म्हटली की पोट रिकामं आणि निर्मळ पाहिजे. आणि ही तर खुद्द पोटाचीच तपासणी! त्यातून ते शहरातले लोक. माझ्या पोरीची घाण ते काचेखाली धरून बघणार. घरी पाव्हणं येणार म्हटलं की आपण अंगण झाडतो, तसं मला वाटलं. लाज वाटायला नको. माझ्या लेकीचं पोट कसं लख्ख दिसलं पाहिजे.

शुक्रवारपासून मी तिची भाकरी बंद केली. नुसती भाताची पेज आणि मीठ. शनिवारी सकाळी कपबशी घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. आलं, चहा, वर तवंग.

"आई, नको ना. मला वासानंच उमासा येतोय."

"गप पी. आयुष्याचा प्रश्न हाय तुझ्या."

"पण सरांनी कुठं सांगितलंय?"

"सगळं सरांनीच सांगायचं का? मला काय कळत न्हाई?"

ती प्यायली. नाक दाबून, डोळे मिटून, थेट माझ्यासारखी. दिवसभर जात येत राहिली. दुपारी तिचे ओठ पांढरे पडले होते आणि पायांत गोळे येत होते. मी पाय चेपत बसले आणि मनात म्हणाले, झालं, निर्मळ झालं. रविवारी परत पेजच. सोमवारी सकाळी कसाबसा जेवढा मिळाला तेवढा नमुना आम्ही नळीत भरला, आणि मी स्वतः स्कूटीवर कळंबला नेऊन दिला. वाटेत डबा मांडीवर ठेवला होता, देवाचा प्रसाद नेतात तसा.

महिन्याभरानं निकालाला बोलावलं. एकेका घरच्यांना आत घेत होते. सरांनी रंगीत कागद समोर सरकवला. त्यावर मोठं वर्तुळ होतं, बहुतेक लाल. खाली छापलं होतं, दीर्घ पल्ल्याची क्षमता: कमी.

"ताई, मुलगी आज छान पळतेय," सर म्हणाले. "पण पुढं टिकणार नाही. ताकद देणारे जीवाणू पोटात जवळजवळ नाहीतच. विविधता फारच कमी आहे. आता आपण घेतली आणि दोन वर्षांनी खचली तर तिचंच नुकसान. आमच्याकडं जागा मोजक्या आहेत."

हे सगळं लेकीच्या समोर. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि त्या लाल वर्तुळाकडं बघत होती. मी विचारलं, "पळण्यात पहिली आली त्याचं काय?" ते म्हणाले, "म्हणूनच तर वाईट वाटतंय." दोघींना पाणी दिलं. बाहेर येताना तिनं तो कागद माझ्या हातून घेतला, नीट घडी केली आणि दप्तरात ठेवला.

घरी फोनवर मालक म्हणाले, "बरं झालं, आधीच कळलं. आता अभ्यासाला लागंल." जाऊबाईंनी शोध लावला की हे पोट माझ्या माहेरचं. "तुमच्या डिंगोऱ्याच्या मान्सांला पचतच न्हाई काही." मी त्यांना नको नको ते बोलले. त्या दिवशी आमच्या दोघींची तोंडं जी फिरली ती दिवाळीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी स्कूटी बाहेर काढली. ती उठली नाही. मी हाक मारली तर पांघरुणातून म्हणाली, "कशाला?" बूट तिनं माळ्यावर टाकले होते. मी म्हटलं, पोरबुद्धी आहे, आठ दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. उलट प्रत्येक घासाला विचारायला लागली, हे खाऊ का, यानं पोटातले मरतील का? ताक चालेल का? तिखट चालेल का? ताटातलं अर्धं तसंच राहायला लागलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली तर तिथंही काही न खाता परत आली. शाळेत पळायला लावलं की पोटाचं कारण सांगून बाकावर बसायची. आणि ते अर्धा तास बोलणं, ते तर बंदच झालं. मशीनचा आवाज तेवढा घरात.

मशीनवरूनच पुढचं कळलं. एक पाय आखूड म्हणून ते डुगडुगतं. त्याच्याखाली मी कधी कशाची, कधी कशाची घडी घालते. दसऱ्याला घर सारवायला, म्हणजे आता पुसायलाच, मशीन सरकवलं आणि खालची घडी हातात आली. चित्रांचा तोच कागद. त्या दिवसापर्यंत मी त्याची एकच बाजू बघितली होती. दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात, चांगल्या शुद्ध मराठीत लिहिलं होतं. नमुना घेण्याआधी काही दिवस नेहमीचाच आहार ठेवावा. उपवास करू नये. जुलाबाचे कोणतेही औषध, एरंडेल तेल इत्यादी घेऊ नये. घेतल्यास निकाल चुकीचा येईल.

एरंडेल तेल. नाव घालून लिहिलं होतं.

मी फडकं हातात घेऊन तिथंच फरशीवर बसले. सगळ्या आळीचे कागद वाचणारी मी! लोकांचे सात-बारा पालथे घालून बघणारी! आणि पोटच्या पोरीचा कागद उलटून बघितला नाही. त्याची घडी करून मशीनच्या पायाखाली घातली.

खरा गुन्हा पुढचा आहे. मी लगेच सांगितलं नाही. लेकीला नाही, मालकांना नाही, कुणालाच नाही. जाऊबाई काय म्हणतील, आळी कशी हसेल, याचीच धास्ती. ती समोर बसून आमटीत बोट बुडवून "हे चालेल का" म्हणून विचारायची, आणि मी "चालेल गं बाई" एवढंच म्हणायचे. असे पंधरा दिवस घालवले. ते दिवस मी स्वतःला माफ करणार नाही, आणि कुणी करूही नये.

मग एकटीच कळंबला गेले. सरांसमोर मशीनखालचा कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. एरंडेल, पेज, सगळं. लाज टाकून पदर पसरायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, सूचना दिलेल्या होत्या. आता तुकडी भरली. पुढच्या वर्षी परत तपासू." मी म्हटलं, पुढच्या वर्षी ती पंधराची पूर्ण होतीये. त्यांनी तारीख बघितली आणि मान हलवली. खिडकीतून मैदान दिसत होतं. पोरी पळत होत्या. त्यांतल्या एकीला मी ओळखलं. माझी शेवटच्या दोरीला असताना वळणावर होती, ती.

येताना मंचरला थांबले, आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडं. लेकीच्या दप्तरातून गुपचूप काढून आणलेला रंगीत कागद त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "जुलाबानंतरचा निकाल खराच धरता येत नाही. पण अहो, धरता आला असता तरी काय? हे सगळं अजून शोधायचंच चाललंय. खेळाडूंच्या पोटात वेगळं दिसतं खरं, पण ते पळल्यामुळं तसं झालं, का त्यामुळं ते पळतात, हेच अजून नीट ठरलेलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीची शी बघून ती पुढं काय होणार, हे कुणी सांगू शकत नाही."

म्हणजे मी एरंडेल पाजलं नसतं, तरी तो कागद खोटाच होता. फार तर लालच्या जागी हिरवा आला असता, एवढंच. मला हसावं का रडावं कळेना. मांडवातला म्हातारा आठवला. पळती ती समोर दिसतीये, असं तो म्हणाला होता. त्याला दिसत होतं आणि मला, आईला, दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी मी लेकीला सांगितलं. दोघी ओट्यावर घेवडा निवडत होतो. मी मशीनखालचा कागद तिच्या पुढ्यात ठेवला, बारीक अक्षरांची बाजू वर करून. तिनं वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं ओरडेल, ताट भिरकावेल. मला ते हवंच होतं. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे माझं पोट चांगलं हाय?"

"चांगलं हाय गं. पहिल्यापासून चांगलं. माझंच चुकलं."

"खरं ना? का मला बरं वाटावं म्हणून सांगतीयेस?"

मी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेंगांच्या शिरा ओढत राहिली. मग म्हणाली, "उद्या जाऊ."

सकाळी मीच माळ्यावरून बूट काढले. उन्हं चांगली वर आल्यावर निघालो. ती पुढं, मी मागं. पहिली चारी रमतगमत. दुसऱ्या चारीला वेग धरला आणि माझा जीव भांड्यात पडला. उसातली एक बाई ओरडली, "आली गं, आली बाई पळणारी!" मी हॉर्न वाजवला, नुसता आनंदानं. आता तिसरी चारी. मी मूठ पिळायच्या तयारीत होते.

तिचा उजवा हात पोटावर गेला. दोन पावलं तशीच टाकली, मग वेग कमी झाला, आणि ती थांबली.

मी स्कूटी आडवी टाकून धावले. "काय झालं? दुखतंय का?"

"नाय."

"मग?"

"आता दुखंल, असं वाटलं."

श्वाससुद्धा चढला नव्हता तिचा. मी तिचा हात पोटावरून काढला, म्हटलं, बघ, काही नाही, पळ, मी आहे ना मागं. ती परत दोन पावलं पळाली आणि परत थांबली, हात परत तिथंच. माझ्याकडं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या चारीला तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या सकाळी मी स्कूटी बाहेर काढली, तर ती दारात उभी होती. बूट घातलेले नव्हते.

"आई, राहू दे आता," ती म्हणाली. "तू सांगतीयेस ते मला पटतंय. पण त्याला नाय पटत." आणि तिनं पोटावर हात ठेवला.

मी स्कूटी परत आत लावली. चुलीवर दूध होतं, ते तिला कपात ओतून दिलं. तिनं कप हातात धरला, वास घेतला, आणि विचारलं, "हे पिऊ का?"